राजकवी म्हणून मिरवण्याआधी हे वाचा

साहेबांच्या बैठकीत मला 'आमचे कवी कलश' म्हणायचे, म्हणजे संभाजीराजांच्या दरबारातला तो कवी. रिटायर झालेल्या मराठीच्या मास्तरला फुगायला एवढं पुरतं. लातूरकडचे हे पुढारी, नाव-गाव सांगत नाही. सहा वर्षं त्यांची प्रचारगीतं, भाषणं, वाढदिवसाचे पोवाडे मी लिहिले. मोबदला काय, तर शाल, नारळ आणि पुढच्या रांगेतली खुर्ची.

मग पीए म्हणाला, "गुरुजी, तुमचा संग्रह ट्रस्ट काढणार. आत्ता आचारसंहिता आहे, बिल तुमच्या नावानं फाडा. निकाल लागला की वळतं करतो." मी प्रेसवाल्याला 48,000 मोजले. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. साहेबांच्या माणसाला लेखी मागायचं म्हणजे घरच्या माणसावर अविश्वास, असं तेव्हा वाटलं.

पीएला त्याचा पुतण्या माझ्या जागी बसवायचा होता. माझी गाणी टाइप करायला तोच असायचा. फाइली त्याच्याकडं, माझ्याकडं नुसती वही. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आम्ही सगळे एका गुत्तेदाराच्या शेतात जेवायला होतो. भज्जी-आंबील झाल्यावर कडब्याच्या कोपीशेजारी लवंडलो आणि पोरांनी आग्रह केला म्हणून दोन ओळी फेकल्या:

शब्द माझे, टाळ्या त्याच्या
चूक झाली, माथी माझ्या

पुतण्यानं त्या मोबाइलमध्ये धरल्या. पुढं मी "गंमत आहे रे" म्हणालो होतो, तेवढं कापून साहेबांना ऐकवलं. मला नडला तो एकेरी 'त्याच्या'. 'त्यांच्या' म्हटलं असतं तरी यमक जुळलंच असतं की!

दुसऱ्या दिवशी बैठकीच्या दारातच पोरगं म्हणालं, "साहेब कामात आहेत." महिनाभर कामातच होते. पुढच्या सभेत माझंच गाणं वाजलं, नाव पुतण्याचं. ट्रस्टनं बिल ओळखलंच नाही.

तेव्हा कलशाचा शेवट आठवला. 'छंदोगामात्य' पदवीचा हा उत्तरेकडचा कवी दरबारातल्या कित्येकांच्या डोळ्यांत सलायचा. 1688 मध्ये राजांच्या सासरच्या शिर्क्यांच्या वैरापायी त्याला विशाळगड गाठावा लागला. बखरींनी तर 'कलुशा कब्जी' करून सगळं खापर त्याच्याच माथी फोडलं. पण संभाजीराजांनी त्याला अंतर दिलं नाही. शिर्क्यांवर ते स्वतः चालून आले, आणि फेब्रुवारी 1689 मध्ये संगमेश्वराला मोगल सरदार मुकर्रबखानानं धरलं ते दोघांना एकत्र. 11 मार्चला दोघेही गेले. माझ्या साहेबांना मला टाकायला अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग पुरलं. कुणी कलश म्हटलं की समोरचा कोण आहे ते आधी बघायला हवं होतं.

वकिलानं जे सांगितलं ते तुमच्यासाठी देतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानं गाण्याचा हक्क लिहिणाऱ्याचा; तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी. म्हणजे गाणी कायद्यानं माझीच आहेत, पण ती मी लिहिली हे दाखवायला तारीख नसलेली वही कितपत चालेल? गाणं देताना स्वतःच्या मेलवरून पाठवा, पुतण्याला तोंडी सांगू नका. पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. मी त्यातली दोन 'साहेब बोलावतील' म्हणत घालवली.

पाचशे प्रतींतल्या चारशेवर पलंगाखाली आहेत. परवा पुतण्याचा मेसेज आला, "गुरुजी, अष्टाक्षरीची एक ओळ अडलीय, बघता का?"

बघितली. एक अक्षर जास्त होतं. "छान आहे" म्हणून कळवलं.