जोखमीचे सिझेरियन: रक्तस्राव रोखण्यासाठी कोणते औषध निवडावे?

जुळी बाळे असतील, गर्भजल फार वाढले असेल किंवा वार गर्भाशयाच्या तोंडाशी असेल, तर सिझेरियनच्या वेळी अतिरक्तस्रावाची भीती खरी असते. लहान रुग्णालयाला अशा वेळी दोन निर्णय घ्यावे लागतात: ऑक्सिटोसिन वापरावे की कार्बेटोसिन, आणि सोबत ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड द्यावे का. हे निर्णय वेगवेगळे ठेवावेत, कारण पहिली दोन औषधे गर्भाशय आवळतात, तर तिसरे रक्ताची गुठळी विरघळू देत नाही. सैल गर्भाशयावर त्याचा इलाज नाही.

ऑक्सिटोसिन स्वस्त आणि सवयीचे आहे, पण त्याचा परिणाम काही मिनिटांतच ओसरत असल्याने सलाईनमधून ते चालू ठेवावे लागते, आणि एकदम जोरात दिल्यास रक्तदाब घसरतो. ते २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. कार्बेटोसिनचा १०० मायक्रोग्रॅमचा एकच डोस बराच वेळ टिकतो आणि सिझेरियननंतर गर्भाशय आवळणाऱ्या जादा औषधांची गरज कमी करतो. मात्र ते बाळ बाहेर आल्यावरच द्यायचे असते. त्याचा उष्णतेत टिकणारा प्रकार फ्रिजशिवाय चालतो. जुन्या प्रकाराला फ्रिज लागतोच, म्हणून खरेदीपूर्वी वेष्टन वाचावे. वीज वारंवार जात असेल किंवा शस्त्रक्रियेनंतर सलाईनकडे लक्ष द्यायला माणूस अपुरा असेल, तर माझा कौल उष्णतेत टिकणाऱ्या कार्बेटोसिनला आहे. अन्यथा ऑक्सिटोसिन पुरेसे आहे.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडबद्दल अपेक्षा आवरत्या ठेवाव्यात. फ्रान्समधील २०२१च्या अभ्यासात, हिशोबाने काढलेला रक्तस्राव १ लिटरहून अधिक होणे किंवा रक्त द्यावे लागणे, याचे प्रमाण ३१.६ टक्क्यांवरून २६.७ टक्क्यांवर आले, पण रक्त चढवण्याची गरज लक्षणीय घटली नाही. २०२३च्या अमेरिकी अभ्यासातही मृत्यू किंवा रक्त देणे यात स्पष्ट फरक दिसला नाही. दोन्ही अभ्यास केवळ जोखमीच्या स्त्रियांवर नव्हते, हेही लक्षात घ्यावे. रक्तस्राव सुरू झाल्यावर मात्र त्याचे मोल निर्विवाद आहे: १ ग्रॅम शिरेतून सावकाश, सुमारे १० मिनिटांत, आणि शक्य तितक्या लवकर, कारण बाळंतपणानंतर ३ तास उलटले की फायदा उरत नाही.

एका धोक्याकडे मात्र अजिबात दुर्लक्ष नको. या औषधाचे ॲम्प्यूल मणक्यातील भुलीच्या ब्युपिवाकेनसारखे दिसू शकते, आणि चुकून मणक्यात गेल्यास जीवघेणे झटके येतात. म्हणून ते भुलीच्या ट्रेपासून दूर, वेगळ्या कप्प्यात ठेवावे आणि सिरिंजवर नाव लिहूनच भरावे.