पदकांची फ्रेम करायची असेल तर : राम आळी, रत्नागिरी

माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात फिटर होते. त्यांचा बर्मा स्टार (बर्माच्या मोहिमेसाठीचं ताऱ्याच्या आकाराचं पदक) आणि वॉर मेडल (महायुद्धातल्या सेवेचं गोल पदक) राम आळीतल्या एका जुन्या फ्रेमवाल्या काकांकडे दिलं. काम अतिशय सुरेख झालंय.

मला सगळ्यात आवडलं ते हे, की काकांनी पदकं घासायला साफ नकार दिला. ब्रिटिश सैनिकांना हे स्टार बिननावाचेच मिळाले. हिंदी सैनिकांच्या पदकांवर मात्र नंबर, हुद्दा, नाव ठोकलेलं असतं. स्टारच्या पाठीवर, गोल पदकाच्या कडेवर. ब्रासोने घासून घासून ती अक्षरं गेली की पदक कुणाचं ते कायमचं हरवतं. डीएफसीसारख्या (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) शौर्यपदकाची नोंद निदान लंडन गॅझेट या ब्रिटिश सरकारी राजपत्रात सापडते, मोहिमेच्या पदकाला तोही आधार नाही. म्हणून काकांनी मागची फळी बिजागरीवर बसवली. उघडली की आजोबांचं नाव वाचता येतं. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं हो!

रिबिनीही जुन्याच ठेवल्या. बर्मा स्टारची गडद निळी, मधे लाल पट्टा, दोन्हीकडच्या निळ्यात नारिंगी रेघ. काच पदकांपासून बोटभर लांब आहे, नाहीतर आपल्याकडच्या पावसाळ्यात कापड काचेला चिकटून बुरशी धरते.

वेळ मात्र भरपूर लागतो. गणपतीला घरी हवी असेल तर मे महिन्यातच द्या, आणि काचेचे पैसे वेगळे धरतात, ते आधी विचारून घ्या.