पोट साफ, इसब गायब : सीमाभागातल्या शिबिरांत पैसे कसे जातात

निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यात इसबाच्या रुग्णाला गाठायची रीत ठरलेली आहे. मंगल कार्यालयात मोफत शिबिर, मराठी-कन्नड पत्रक आणि पहिलंच वाक्य : "अक्का, कातडी म्हणजे पोटाचा आरसा. वरून मलम लावून काय होणार?"

माणूस फसतो, कारण हे निम्मं खरं आहे. इसबाच्या मुलांच्या आतड्यातले जिवाणू वेगळे आढळतात. इसब तीव्र असलेल्या काही तान्ह्या मुलांना दूध-अंड्याची ॲलर्जीही असते. पण कॉक्रेन या जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात ३९ चाचण्या, २,५९९ रुग्ण तपासले, तेव्हा प्रोबायोटिकनं, म्हणजे पोटासाठी दिल्या जाणाऱ्या चांगल्या जिवाणूंनी, इसबाच्या त्रासात फरक पडला नाही किंवा नगण्य पडला. संबंध आहे म्हणजे पोट धुतल्यावर इसब जातो, असं नव्हे.

शिबिरात हातात धातूची दांडी देतात, लॅपटॉपवर मिनिटभरात 'आतड्यात विष' उमटतं. वय आणि वजन बदलून पुन्हा बसून बघा, माणूस तोच असून अहवाल बदलतो. शंका काढलीच तर महागडी आयजीजी (रक्तातलं एक प्रतिपिंड) रक्तचाचणी पुढं येते. आयजीजी वाढलेलं म्हणजे तो पदार्थ खाण्यात आहे, एवढंच. रोज शेंगदाण्याची चटणी खाणाऱ्याच्या रक्तात ते दिसणारच! त्यावरून दूध, गहू, शेंगदाणे बंद होतात. इसब तिथंच राहतो, पोराचं वजन मात्र उतरतं. तीन महिन्यांनी पैसे परत मागितले की उत्तर तयार : "पथ्य मोडलं असणार."

खरा धोका शिबिरात विकतात त्या औषधाच्या पुडीत असतो. काहींत नुसती सोनामुखी असते; जुलाबानं पाणी आणि क्षार जातात, लहान मुलाला ते झेपत नाही. काहींत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. चार दिवसांत खाज थांबते, म्हणून लोक पुढच्या महिन्याचे पैसे आनंदानं भरतात. संशय नेमका तिथं यायला हवा. मग भूक वाढते, चेहरा गोल होतो, साखर आणि रक्तदाब चढतो. पुडी थांबली की इसब दुपटीनं उसळतो, आणि "विष बाहेर पडतंय" म्हणून नवा कोर्स गळ्यात पडतो.

अशी पुडी बरेच आठवडे पोटात गेली असेल तर रागानं एकदम बंद करू नका. शरीरानं स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं कमी केलेलं असतं. उलट्या, चक्कर, रक्तदाब उतरणं जिवावर बेतू शकतं. उरलेली पुडी घेऊन लगेच डॉक्टरकडं जा, मात्रा कशी उतरवायची ते त्यांना ठरवू दे. दोन-तीन पुड्या पुराव्याला राखा. आयुर्वेदिक औषधावरही परवाना क्रमांक, बॅच, घटक आणि उत्पादकाचा पत्ता छापलेला लागतो. सुट्या पुडीवर यातलं काहीच नसतं. ती औषध निरीक्षकाकडं द्या.

पैसे घेताना 'देणगी'ची पावती देतात, म्हणजे पुढं विक्रीच नाकारता येते. ती घेऊ नका. औषधाच्या नावानं बिल मागा, पैसे यूपीआयनं द्या. "माल कोल्हापूरचा, तक्रार तिकडंच करा" हेही खोटं. २०१९ च्या ग्राहक कायद्यानं तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे बेळगावातच, दावा लावता येतो. भरलेले पैसे पाच लाखांपर्यंत असले तर दाव्याला फी नाही; आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून क्रमांक लिहून घ्या.