मम्मीच्या कबरेचा दगड कुठे करून घेतला, विचारणाऱ्यांसाठी

मम्मीला जाऊन सव्वा वर्ष झालं. 2 नोव्हेंबरच्या, म्हणजे आमच्या मृतांच्या स्मरणदिनाच्या आत कबरेवर दगड बसवायचा असं घरात ठरलं होतं आणि तो बसला, पॅरिशमधले, म्हणजे आमच्या चर्चचे बरेच जण विचारतात कुठून केला म्हणून सविस्तर लिहिते. दुकान नाशिक-पुणे रोडला आहे, बाहेर ग्रॅनाइटच्या लाद्या उभ्या असतात. दुकानवाले काका जास्त करून बंगल्यांच्या नेमप्लेट आणि देवळांच्या कोनशिला करतात, क्रूसवाले दगड वर्षाला थोडेच.

सगळ्यात आधी आवडलं ते हे की त्यांनी आम्हाला परत पाठवलं. मागच्या वर्षी महिन्याची मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) झाल्याझाल्या आम्ही अ‍ॅडव्हान्स घेऊन गेलो होतो, तर म्हणाले ताई घाई नका करू, कबरेची माती खाली बसते, पुढचा एक पावसाळा पूर्ण जाऊ द्या नाहीतर स्लॅब एका बाजूला कलेल. आणि कबरस्थानाची परवानगी नि साइज लिहून आणा. दारात आलेलं गिऱ्हाईक कोण असं परत पाठवतं?

यावर्षी गेलो तेव्हा भावाने मजकूर लिहून नेला होता, धर्मनिष्ठ, प्रेमळ, आदर्श माता व गृहिणी वगैरे. रेट अक्षरावर आहे, म्हणजे जेवढं जास्त तेवढा त्यांचाच फायदा, तरी कागद बाजूला ठेवून म्हणाले हे सगळ्याच दगडांवर असतं हो, तुमच्या आई दिवसभर काय करायच्या ते सांगा. मग आम्ही तासभर बोलतच बसलो. पप्पांची नोट प्रेसची शिफ्ट म्हणून पहाटे साडेचारला उठून डबा, मग सकाळची मिस्सा, मग आम्ही चौघं भावंडं, ऑक्टोबरभर संध्याकाळी घरोघरी जपमाळेची (रोझरीची) प्रार्थना असायची तर आमच्या घरची मोठी सतरंजी खांद्यावर टाकून हीच पुढे, सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची, म्हणजे मारियामातेची यात्रा चुकवायची नाही आणि फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला बाहेरगावची माणसं यायची त्यातली कितीतरी अनोळखी माणसं आमच्या ओट्यावर झोपून सकाळी पोहे खाऊन गेलीत. शाळा चौथीपर्यंत, पण निरोप्या हे आमचं ख्रिस्ती मासिक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची.

काका म्हणाले उद्या त्यांची जपमाळ घेऊन या.

कडेने तीच कोरलीय. नुसती नक्षी नाही, मणी मोजून, 59. मम्मीच्या माळेतला एक मणी हरवला होता आणि तिने तिथे मंगळसूत्रातला काळा मणी ओवला होता, आम्हा भावंडांना हे माहीतच नव्हतं, काकांना मोजताना दिसलं. दगडावरही तो एक मणी त्यांनी बारीक ठेवलाय. पप्पांनी बरोबर त्याच्यावरच बोट ठेवलं.

मजकूर शेवटी एवढाच, नाव, दोन तारखा आणि बायबलमधल्या नीतिसूत्रेच्या 31व्या अध्यायातली, मुलं उठून तिला धन्य म्हणतात ती ओळ.

कामाचं सांगायचं तर काळा ग्रॅनाइटच घ्या. मार्बल उघड्यावर पावसात खराब होतं, अक्षरं बुजतात. अक्षरं छिन्नीने हाताने करून मागा, स्टेन्सिलमध्ये (कापलेल्या साच्याने) ब, व च्या आतला गोल तुकडा निसटतो नि ख्रिस्त सारखी जोडाक्षरं विचित्र येतात. फोटो लेझरने होतो, आम्ही नाही घेतला.

तक्रार दोनच. 3 आठवडे सांगून 5 लावले, शेवटी रोज फोन करावा लागला, जीव टांगणीला होता. आणि टेम्पो व बसवायची मजुरी वेगळी असते हे आधी बोलले नाहीत, तुम्ही विचारून घ्या. अक्षरातला पांढरा रंग काही वर्षांनी परत भरावा लागेल, ते मात्र त्यांनी स्वतःहून सांगितलं.

आणखी एक, आम्ही न सांगता पायाकडे त्यांनी मेणबत्त्यांसाठी लांब खोबण ठेवलीय, मेण अक्षरांवर ओघळू नये म्हणून. यंदा 2 तारखेला वारा होता, पण त्या खोबणीतल्या सगळ्या शेवटपर्यंत जळल्या.