इम्प्लांट आणि स्तनपान: चीर कुठे घेतली होती?

स्तनाचा आकार वाढवायला आत इम्प्लांट (कृत्रिम पिशवी) घातलंय म्हणजे बाळाला पाजता येणार नाही, असं सरसकट नसतं. मला विचाराल तर पहिला प्रश्न त्यात सिलिकॉन आहे की सलाइन (मिठाचं पाणी) हा नसून चीर कुठे घेतली हा असावा.

स्तनाखालच्या घडीत चीर घेतली, तर दुधाच्या नळ्या आणि स्तनाग्राकडे जाणाऱ्या नसा बहुतेक शाबूत राहतात. व्रण थोडा दिसतो, इतकंच. स्तनाग्राभोवतीच्या काळपट वर्तुळाच्या कडेने चीर घेतली, तर व्रण छान लपतो, पण सर्जनची वाट नळ्यांच्या दाटीतून जाते. काही नळ्या कापल्या जाऊ शकतात. नस दुखावली तर अडचण वेगळीच: बाळ ओढतं तेव्हा तीच मेंदूला खबर देते, मग प्रोलॅक्टिन हे हार्मोन दूध बनवतं, ऑक्सिटोसिन हे दुसरं हार्मोन ते बाहेर ढकलतं. खबरच पोहोचली नाही, तर भरलेल्या स्तनातूनही दूध नीट उतरत नाही. नसा काही प्रमाणात पुन्हा जुळतात, त्याला महिने-वर्षं लागतात. म्हणून पुढे मूल हवं असेल तर मी घडीतली चीरच निवडेन.

इम्प्लांट छातीच्या स्नायूखाली असेल तर दूध बनवणाऱ्या ग्रंथींवर दाब कमी पडतो. थेट ग्रंथीखाली असेल तर थोडा जास्त. आणि मुळात स्तनात ग्रंथीच कमी होत्या, तर दोष शस्त्रक्रियेचा नाही.

दूध पुरतंय का, हे स्तनाच्या आकारावरून ठरवू नका. पाचव्या दिवसापासून दिवसाला सहा तरी ओली लंगोटं, आणि दोन आठवड्यांत जन्मावेळचं वजन परत, हे बघा. तेवढं होत नसेल तर पाजणं चालू ठेवून बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने वरचं दूध जोडा.