महापेची वायरलेस टेस्टिंग लॅब: काम चोख, कोटेशन नीट वाचा

आमचं वायरलेस यंत्र पाण्याच्या मीटरला लागतं. त्याची रेडिओ फ्रिक्वेन्सी भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ, अमेरिकेत ९०२ ते ९२८; डबी एकच, पण टेस्टिंग दोनदा. आतल्या तयार रेडिओ मॉड्यूलला एफसीसीची (अमेरिकेच्या दळणवळण नियामकाची) मान्यता आहे म्हटल्यावर बाकीच्या लॅबवाले ‘मग झालंच की’ म्हणाले होते. इथल्या मॅडमनी आधी अँटेनाचा गेन (ती सिग्नल एका दिशेला किती एकवटते ते) विचारला. मान्यतेतल्याच प्रकारची, तेवढ्याच किंवा कमी गेनची अँटेना असेल तरच ती मान्यता पुढे चालते, आणि तरीही पूर्ण यंत्राचं उत्सर्जन मोजावं लागतंच. हार्मोनिक्स (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले नको असलेले सिग्नल) मर्यादेबाहेर गेले तेव्हा ‘फेल’चा रिपोर्ट हातात देऊन मोकळे झाले नाहीत, टेस्टिंगच्या चेंबरमध्येच सिग्नल अडवायला कॉपर टेप लावून बघू दिलं. असं कोण करतं हो!

युरोपच्या सायबर सुरक्षेच्या अटी इंटरनेटला जोडणाऱ्या रेडिओ उपकरणांना १ ऑगस्ट २०२५ पासून लागू आहेत. ते काम मात्र बाहेर पाठवतात, आणि हे कोटेशनच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात. ईटीए (भारतात वायरलेस उपकरणाला लागणारी सरकारी मान्यता) काढून देण्याचे पैसेही वेगळे. रिपोर्ट हातात असेल तर दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर स्वतःच अर्ज भरा.

कोपरखैरणे स्टेशनवरून रिक्षा मिळते. चहा मशीनचा, भिकार.