ट्रेडमार्क झाला, पण माझ्या नावावर नाही

लिहावं की नको यात दोन महिने गेले. बायको म्हणते कशाला आपलं हसं करून घेताय. पण परवा प्रदर्शनात शेजारच्या स्टॉलवाल्या ताई मोठ्या कौतुकाने सांगत होत्या, "दादा, एकाने लोगो, वेबसाइट, ट्रेडमार्क सगळं पॅकेजमध्येच करून दिलं बघा," आणि माझ्या पोटात गोळाच आला. त्यांना तिथंच विचारलं, सही कुठं केलीत? त्या म्हणाल्या, सही कसली?

झालं. माझंही अगदी असंच झालेलं.

आमचा धंदा भाजणी, मेतकूट आणि आंबोळीच्या पिठाचा. सांगली जिल्हा, आईचं प्रमाण, २०१९ पासून विकतोय, सुरुवातीला साध्या पिशवीवर स्टिकर चिकटवून. ब्रँडचं नाव इथं देत नाही, मॅटर चालू आहे. मार्च २०२३ मध्ये ओळखीतून एक ब्रँडिंगवाला आला, बोलायला गोड, घरी येऊन आईच्या पाया पडला, दोन थालीपिठं खाल्ली. हिशोब असा दिला: लोगो १२,०००, पाउचचं डिझाइन ८,५००, वेबसाइट १७,००० आणि ट्रेडमार्कची "गव्हर्नमेंट फी" ९,०००. एकूण ४६,५००. सगळे यूपीआयने दिले आणि ट्रान्सफर करताना रिमार्कमध्ये काही म्हणजे काही लिहिलं नाही.

आता रोज रात्री आठवतं ते सांगतो. अर्ज भरल्यावर त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पावतीचा फोटो पाठवला. वरचा भाग कापलेला. ॲप्लिकेशन नंबर दिसत होता, ब्रँडचं नाव दिसत होतं, पण अर्जदाराचं नाव जिथं असतं तिथंच फोटो संपलेला, आणि फीचा आकडाही नाही. मी विचारलं, "पूर्ण पावती?" तर म्हणतो, "सर, पीडीएफ मोठी आहे, मेल करतो." मेल आजतागायत आला नाही. आणि मी काय केलं, अंगठा दाखवला, इमोजीचा. मी पतसंस्थेत ११ वर्षं क्लार्क होतो हो, लोकांच्या सह्या नमुन्याशी ताडून बघणे हेच माझं काम, एक वेलांटी इकडची तिकडे झाली तर चेक परत करायचो, आणि इथं माझ्याच नावाचं काम चाललंय आणि माझी एकसुद्धा सही कुणी मागत नाही याचं मला उलट बरं वाटलं, म्हटलं चला, कागदपत्रांची कटकट नाही. एजंट किंवा वकील तुमच्यातर्फे ट्रेडमार्कचा अर्ज भरणार असेल तर त्याला तुमच्या सहीचं अधिकारपत्र लागतं, टीएम-४८ म्हणतात त्याला. ते मागितलं नाही तिथंच शंका यायला हवी होती, एवढं सरळ आहे. पण हे आता कळतंय.

फीचंही तेच. व्यक्ती, स्टार्टअप किंवा छोटा उद्योग असेल तर ऑनलाइन अर्जाला एका क्लासचे, म्हणजे मालाच्या एका वर्गाचे, ४,५०० लागतात, ९,००० मोठ्यांना. माझं उद्यमचं, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचं सर्टिफिकेट त्याच्याकडेच होतं. म्हणजे ४,५०० माझ्याकडून जास्त घेतले आणि उरलेल्या ४,५०० मध्ये माझ्या ब्रँडचं नाव त्याच्या बायकोच्या फर्मवर चढवलं. माझ्याच पैशाने.

तुम्ही म्हणाल मधे चेक का नाही केलं. अहो, रात्री दोनपर्यंत पॅकिंग करायचो आम्ही, पाउचवर गोलातला आर छापलेला बघून समजलो झालं रजिस्टर. तो आरही खोटा होता, सर्टिफिकेट यायच्या आधी तो छापणं हा गुन्हा आहे, आणि छापून विकत होतो मी. अर्ज ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये छापून आला की हरकत घ्यायला चार महिने मिळतात, ते कधी आले कधी गेले पत्ताच नाही.

जून २०२५ मध्ये ऑनलाइन लिस्टिंग बंद. कारण काय तर ट्रेडमार्कच्या मालकाची तक्रार. मालक! मी त्यालाच फोन केला, बघ रे कोण आहे, आणि हा गडी शांतपणे म्हणतो, "सर, ते आमच्या मिसेसच्या फर्मकडे आहे, साडेतीन लाखात ट्रान्सफर करून देतो." ७,४०० पाउच पडून आहेत, ६.५० रुपयाला एक, म्हणजे ४८,१०० रुपये गोदामात.

पोलिसांकडे चार वेळा गेलो. पहिल्यांदा साहेब नव्हते. दुसऱ्यांदा म्हणाले वेबसाइट आहे ना, मग सायबरला जा. सायबरवाले म्हणाले पैसे तुम्हीच पाठवले, ओटीपी गेला नाही, आमच्यात बसत नाही. परत ठाण्यात आलो, तिथल्या हवालदाराने सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि विचारलं, "पण पिठाला नाव कशाला लागतंय?" काय बोलणार. ४२० लावा म्हटलं तर म्हणे ४२० गेलं, नव्या कायद्यात आता ३१८. बरं, ३१८ लावा. तर म्हणे सिव्हिल मॅटर आहे. सरकारी तक्रार पोर्टलवर टाकलं, १९ दिवसांनी "निकाली", आत एक ओळ: योग्य मंचाकडे दाद मागावी. अरे, तो मंच कुठला ते तरी लिहा! उद्योग खात्याच्या कार्यशाळेत फेटा बांधून "ब्रँड बना" सांगायला सगळे पुढे असतात.

शेवटी वकील केले, ४५,००० ठरले, रजिस्ट्रेशन रद्द करायच्या अर्जाची सरकारी फी २,७०० वेगळी. त्यांनी एक चांगली गोष्ट शोधली, त्या फर्मच्या अर्जात वापर "प्रस्तावित" लिहिलाय, म्हणजे नाव अजून वापरात नाही, पुढे वापरणार, आणि आपण २०१९ पासून विकतोय. आधीपासून वापरणाऱ्याला कायद्यात संरक्षण आहे, कलम ३४. पण पुरावा? सगळी विक्री रोखीत! बचत गटाच्या जत्रेतल्या स्टॉलच्या दोन पावत्या आणि स्टिकर छापणाऱ्याचं एक बिल सापडलं, त्या बिलावर ब्रँडचं नाव आहे, त्यावर सगळी भिस्त. तेव्हा बिलं फाडा, ब्रँडचं नाव घालून फाडा, दहा रुपयाची असली तरी.

आणि लोगो? तोही माझा नाही म्हणे. मला वाटायचं पैसे दिले की वस्तू आपली. पगारी नोकराने केलं तर मालकाचं, पण बाहेरच्या डिझायनरने केलं तर कॉपीराइट पहिल्यांदा त्याचाच, लेखी सही करून तुम्हाला देईपर्यंत. आणि त्या कागदात मुदत लिहिली नाही तर पाचच वर्षं धरतात. १२,००० देऊन भाड्याने घेतला म्हणायचा. आमच्या भाच्याच्या क्लासच्या ॲपचंही हेच, कोड त्या फ्रीलान्सर पोराकडे, आता दर बदलाला पैसे मागतो. डोमेनसुद्धा तुमच्याच ईमेलवर घ्या, पासवर्ड तुमच्याकडे. ॲप्लिकेशन नंबर मिळाला की त्याच दिवशी सरकारी साइटवर टाकून अर्जदाराचं नाव बघा, फुकट आहे, मी दोन वर्षांत एकदाही बघितलं नाही. आणि कापलेला फोटो आला तर अंगठा दाखवू नका.

सध्या नव्या नावाचे स्टिकर लावून विकतोय, जुनी गिऱ्हाइकं फोन करून विचारतात, तीच भाजणी ना? गेल्या आठवड्यात त्याचा मेसेज आला, "सर, आईंची तब्येत कशी आहे? बसून मिटवू." आकडा आता २,७५,००० वर आलाय.